संतोषच्या मगातले डोळे

डासाच्या अळीला चार डोळे असतात, असं मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. या अंकाचे संपादक तेवढे अपवाद निघाले. ते म्हणाले, "मग लिहा की." काहीतरी गमतीदार हाती लागेल असं त्यांना वाटलं असावं. थोडं गमतीदार आहे, पण फार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी हिवताप कार्यालयात कीटक समाहारक होते. पदाचं नाव भारदस्त, काम डास पकडण्याचं. सकाळी लोकांच्या घरांत नि गोठ्यांत शिरायचं, बॅटरी मारायची आणि भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीने ओढून घ्यायचे. नळीचं दुसरं टोक आपल्या तोंडात, मध्ये बारीक जाळी. जाळी फाटली तर काय होतं ते विचारू नका, एकदाच झालं आणि तेवढं पुरलं. मग घराभोवतीचे पाण्याचे साठे शोधायचे. पिंपं, टाक्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, करवंट्या, आंब्याच्या बागांतली फवारणीची पिंपं, जे दिसेल ते. पळीभर पाणी उचलून पांढऱ्या थाळीत ओतायचं आणि वळवळतंय का ते बघायचं. माझ्या लग्नाच्या वेळी लांज्याला मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी काय करते? आई "सरकारी नोकरी" एवढंच म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. जिल्ह्यात मात्र मला सगळे डासबाई म्हणत. मीही ओ द्यायची.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. देवरूखकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक कमळाच्या टाकीतल्या अळ्यांना चिंगळ्या, म्हणजे बारीक कोळंब्या, म्हणायचे आणि चिंगळ्या असणं हेच पाणी स्वच्छ असल्याचं लक्षण, असं मला तिन्ही भेटींत फळ्यावर शिकवल्यासारखं समजावून सांगायचे. शेवटी मी त्यांच्याच टाकीतलं पाणी एका बरणीत घेतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी त्यांच्या टेबलावर ठेवून आले. पुढच्या खेपेस गेले तर बरणीत डास गुणगुणत होते. सर म्हणाले, "हे बाहेरून शिरले असणार." फडकं तसंच घट्ट बांधलेलं होतं.

सरांना हसून उपयोग नाही. पाण्यात वळवळणारी ती अळी आणि कानाशी येणारा तो डास हे एकच, हे डोळ्यांदेखत घडल्याशिवाय पटत नाही. आणि घडलं तरी पटतंच असं नाही.

आता ते चार डोळे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीच्या डोक्याला दोन बाजूंना दोन काळे ठिपके असतात. हे तिचे कामाचे डोळे. त्यांना आपल्यासारखं नाक-डोळे-चेहरा असलं काही दिसत नाही. उजेड कळतो आणि सावली कळते. तुम्ही पिंपावर वाकलात की तुमची सावली पाण्यावर पडते आणि श्वासाला वर आलेल्या सगळ्या अळ्या तळाकडे पळतात. आमच्यातले नवशिके म्हणूनच रिकामी पळी घेऊन परत यायचे. सावली मागे ठेवून जायचं, हा आमचा पहिला धडा.

अळी कात टाकत वाढते तशी त्या ठिपक्याच्या पुढे एक बारीक रेघ उमटते. मग ती चंद्राच्या कोरीसारखी होते, जाड होत जाते. हा डासाचा डोळा. अळीच्या डोक्यात राहून तो आपला तयार होत असतो. आपल्याकडे लोक जुन्या घरात राहूनच शेजारी नवं घर बांधतात ना, तसं. मग अळीचा कोष होतो. स्वल्पविरामासारखा वाकडा, काही न खाणारा, पण पोहणारा. कोषात ती कोर भरत भरत मोठी होते. डोळा पुरता काळा भरला आणि अंगही काळवंडलं की समजावं, आज नाहीतर उद्या पाठ फाटून डास बाहेर पडणार. बाहेर पडलेल्या डासाच्या डोक्यावर डोळ्यांशिवाय फारसं काही नसतंच, शेकडो बारीक भिंगांचे दोन मोठे डोळे. आणि तो जुना ठिपका? तो कुठे जात नाही. मोठ्या डोळ्याच्या मागे तसाच चिकटून राहतो. आमच्या साहेबांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला होता. तिथे राहून तो काय करतो, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "तुम्ही शोधून काढा." मी काही शोधून काढलं नाही.

पण डोळा बघून दिवस सांगायला मी शिकले. हातभिंगाखाली कोर किती जाड झाली ते बघायचं आणि सांगायचं, हे पाणी आठवड्याने ओतलं तरी चालेल, हे परवा, हे आत्ता. एवढीच माझी विद्या. तिचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. तरीही एका घरात ती मला आली नसती तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

ते घर जयगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका वाडीत. नावं बदलून लिहिते. संतोष तिथला. मालवाहू बोटीवर खलाशी, पस्तिशीही गाठली नव्हती. सुट्टीवर घरी आला होता. तापाने पडला, अंगावर काढला, रत्नागिरीला आणेपर्यंत उशीर झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. डेंगी. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागला, त्यामुळे आम्ही त्या वाडीत पोचलो तो त्याच्या दहाव्याचा आदला दिवस होता. माझ्याबरोबर फवारणीवाले शिर्के होते. बाजूच्याच वाडीतले, आडदांड, पण मयताच्या घरात शिरताना चपला काढून कोपऱ्यात सरळ लावून ठेवणारे.

खाडीच्या काठावर पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या होत्या. त्यांच्या कडेला धक्के बसू नयेत म्हणून बांधलेले जुने टायर, आणि प्रत्येक टायरात पावसाचं पाणी. संतोषला बहुधा तिथल्याच डासाने गाठलं असणार. शिर्क्यांनी सगळे टायर भोकं पाडून लटकवले. मग आम्ही घरात गेलो.

घरात त्याची आई, सरूकाकी. तात्या, म्हणजे संतोषचे वडील, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. आतल्या खोलीत त्याची बायको मनीषा तापाने पडली होती आणि तिच्या कुशीला चार वर्षांची आर्या. मनीषाचा ताप कालपासूनचा होता. दहावा झाला की गाडी करून रत्नागिरीला नेणार होते, मुलगी आजीजवळ राहणार होती.

त्या घरात मला काही सापडेल असं वाटत नव्हतं. काकीचं घर लख्ख. हंडे-कळश्या उपड्या, पिंप झाकलेलं, मागचं अंगण कोरडं. मी निघणारच होते. मधल्या खोलीत, जिथे संतोषची पथारी असायची तिथे, दिवा तेवत होता. बाजूला पाणी. मयताच्या जागी दिवा नि पाणी ठेवतात ते आपल्या सगळ्यांच्या घरात. त्यात बघायची मला सवय नव्हती, कुणालाच नसते. पण काकीने तांब्या नव्हता ठेवला. संतोषने कुठल्याशा बंदरातून आणलेला मोठा पांढरा मग होता, तो त्यातूनच पाणी प्यायचा म्हणून. मग पांढरा, त्यामुळे आत काय आहे ते उभ्यानेच दिसलं.

मी बसले. सावली मागे ठेवून भिंग लावलं. चार-पाच अळ्या, बाकी सगळे कोष. डोळे काळेभोर, अंगंही काळवंडलेली.

नंतर सगळा उलगडा झाला. तो मग पावसाळाभर मागच्या पडवीत पडलेला, या सुट्टीत संतोषने तो काढलाच नव्हता. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, कोरडी ठणठणीत महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. काकीने तो मग वरवर विसळून घेतला असणार. पुढे पाणी रोज बदललं असतं तरीही निभावलं असतं. पण तिने ते बदललं नाही. पाणी जरा खाली गेलेलं दिसलं की तो पिऊन गेला असं ती समजायची आणि वरून भर घालायची. त्याचं उष्टं ती कशी फेकणार? त्यात रोजचं एक तुळशीचं पान. अळ्यांना आणखी काय हवं?

मी काकीला शांतपणे सांगितलं की या डासाच्या अळ्या आहेत आणि पाणी ओतावं लागेल. वाटलं होतं, ती दचकेल. ती दचकली नाही. तिला ठाऊक होतं पाण्यात काहीतरी आहे ते.

संतोष गेला त्या दिवशी दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकली होती. गेलेला जीव कुठल्या योनीत गेला त्याची खूण पिठावर उमटते, असं मानतात. कुणाला मुंगीची रांग दिसते, कुणाला पाखराचा पाय. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली तर पीठ कोरं. काकी त्यानं आणखीच खचली.

"पिठावर काय उठला नाय, बाई," ती म्हणाली. "चार दिस मी वाट बगितली. मग ह्या पान्यात उठला. मी वाकून बगते तवा वर आलेला असतो. मना बगतो नि खाली जातो."

शिर्के माझ्या मागे उभे होते, ते दाराबाहेर गेले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो, त्याला रात्रीची मच्छरदाणी उपयोगाची नाही. मनीषाच्या अंगात आत्ता ताप आहे, हे डास उडाले आणि तिला चावले तर आठ-दहा दिवसांनी तेच डास आर्याला देतील, शेजारच्या मुलांना देतील. काकी ऐकत होती. नाही म्हणत नव्हती. उद्या दहावा, उद्या सकाळी पिंडाच्या वेळी मी स्वतः हे पाणी खाडीत सोडते, एवढीच तिची मागणी होती. एक रात्र. तिच्या जागी दुसरं कुणी असतं आणि मगात नुसत्या बारीक कोरीच्या अळ्या असत्या, तर मीच म्हटलं असतं, सोडा उद्या. पण ते डोळे काळे होते. खारं पाणी लागेपर्यंत मगात कुणी उरलं नसतं.

तोंडाला फडकं बांधू या, मी म्हटलं. निदान उद्यापर्यंत.

"मग तो पियाचा कसा?" ती म्हणाली.

माझ्या खात्याने मला अधिकार दिलेला होता, भांडं उचलून ओतायचा. जिल्ह्यात हजारो भांडी मी ओतलेली. हे भांडं मला उचलवेना आणि शिर्के तर अंगणातून आत यायलाच तयार नव्हते.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराशी मनीषा उभी दिसली. चौकटीला धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, खरं सांगा. उद्यापर्यंत थांबलं तर?"

"रात्रीत उडतील," मी म्हटलं. "काही आत्ताही उडतील."

तिने मागे वळून मुलीकडे पाहिलं. मग पुढे आली, वाकली, तो मग उचलला आणि मागच्या दाराने अंगणातल्या खळ्यात गेली. तापात तिचा तोल जात होता, पण मगातलं पाणी सांडलं नाही. उन्हात, तापलेल्या जांभ्यावर तिने तो पालथा केला. आमच्याकडचा दगड पाणी कसं पितो ते तुम्हाला माहीत आहे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत नुसता ओला डाग उरला आणि त्यावर तडफडणारे काळे बिंदू.

काकी मागोमाग आली. ती त्या डागाशी बसली आणि बोटाने एकेक बिंदू उचलून तळहातावर घ्यायला लागली. ते बोटाला चिकटत होते, फुटत होते. मनीषा "आई, उठा" म्हणाली. काकीने तिच्याकडे पाहिलंच नाही. मग मला म्हणाली, "झाला ना तुमचा काम? जावा आता."

आम्ही गेलो. मी धूरफवारणीची सूचना लिहून दिली, शिर्क्यांनी घर फवारलं. नियमाप्रमाणे जे जे करायचं ते सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. हे मला शिर्क्यांनी सांगितलं. माणसं ऊन डोक्यावर येईतो खाडीकाठी उभी होती. पोरीला सांभाळू म्हणून सांगून झालं, आई-बापाला अंतर देणार नाही म्हणून भावकीतल्यांचे हात जोडून झाले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. शेजारच्या धक्क्यावर त्या दिवशी मासळी वाळत घातलेली होती, आणि मासळी सोडून भाताला यायला कावळे काही खुळे नाहीत. पण हे मला विचारतो कोण? कावळा का शिवला नाही ते संध्याकाळपर्यंत वाडीला ठाऊक झालं होतं. बायकोने त्याला पाण्यासकट बाहेर फेकला होता.

मनीषा इस्पितळातून बरी होऊन आली तेव्हा तिच्याशी घरात कुणी बोलेना. काकीने तिला शिवी दिली नाही की हाताला धरून काढलं नाही. नुसतं तिच्या ताटात वाढणं बंद केलं. तिचा भाऊ आला आणि तिला नि मुलीला लांज्याला घेऊन गेला. आता ती तिथे काजूच्या कारखान्यात जाते. माझं माहेर तिथलंच, त्यामुळे कधी बाजारात भेटते. आर्या तेव्हा आजारी पडली नाही. त्या वाडीत पुन्हा कुणाला डेंगी झाला नाही.

पण ते आम्ही पाणी ओतलं म्हणून, की तसंही झालं नसतं म्हणून, हे कोण सांगणार? आमच्या कामाचं हेच आहे. डॉक्टर वाचलेला माणूस दाखवू शकतो. आम्ही न आलेला ताप कुणाला दाखवायचा? काकीला तर तो दाखवताच आला नसता. तिला दिसत होता तो एक मुलगा, दोनदा गेलेला. मला वाईट वाटतं ते त्या घराचं, दोन बायकांचं. पाणी ओतल्याचं वाटत नाही. आज तसाच मग समोर आला तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि बहुधा पुन्हा तशीच उचलायला बिचकेन.

निवृत्तीनंतर माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. यंदाच्या उन्हाळ्यात सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढण्यासाठी आम्ही सगळे बाकांवर ओळीने बसलो होतो, प्रत्येकाचा एक डोळा हिरव्या फडक्याखाली. मी नर्सला काहीतरी विचारलं. त्या आवाजावरून शेजारच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडे वळली.

"डासबाई ना तुमी?"

सरूकाकी. मी ओळखलं नसतं, इतकी वाळली होती. शेजारची एक बाई तिला घेऊन आली होती, ती औषधाच्या रांगेत गेलेली. तात्या गेले ते काकीनेच सांगितलं. आर्याचा फोटो कुणीतरी फोनवर दाखवतं, पण आता फोटोतलं दिसत नाही, म्हणून हा डोळा करून घेतला. मनीषाचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघी एकेका डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

मग ती जरा माझ्याकडे सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "येक इचारू, बाई? रागवू नका. त्या मगात व्हते त्यांचे डोळे तुमी भिंगातनं बगितलेत. त्या डोळ्यांना मी दिसत व्हते का?"

आयुष्यभर मला कुणी विचारला नव्हता असा हा प्रश्न. तो नेमका माझ्या विषयातला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. कोषातला नवा डोळा बाहेर पडल्यावर कामाला लागतो. तोवर चालतो तो जुना ठिपका, आणि त्याला चेहरा दिसत नाही. खोटं सांगणं मला जमलं नसतं.

"चेहरा नाही दिसायचा, काकी," मी म्हटलं. "पण तुम्ही वाकलात की तुमची सावली दिसायची."

हिरव्या पट्टीखालून पाणी आलं ते तिने पदराने टिपलं, डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं तरी.

"सावली दिसली म्हंजे वळखलान," ती म्हणाली. "म्हणून तर खाली जायचा. लाजायचा. ल्हानपनापास्नं तसाच."

नर्सने तिचं नाव पुकारलं. मी तिला हात देऊन उठवलं आणि दारापर्यंत सोडलं.